बल्ब मंद का? आणि व्होल्टेज गेलं कुठं?

मागच्या वर्षी मार्गशीर्षात तूर शेंगेवर आली आणि रानडुकरांनी वावरात धिंगाणा सुरू केला, तेव्हापासून ही गोष्ट डोक्यात आहे, म्हटलं एकदा नीट लिहून काढावी. आमच्या वावराला झटका मशीन (कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी) आहे, तिची १२ व्होल्टची बॅटरी सोलरवर चार्ज होते आणि ती झोपडीत ठेवलेली असते. मचान तिथून २५ मीटरवर, नाल्याच्या बाजूला, कारण डुकरं तिकडूनच घुसतात. जागलीला बसलं की रात्रभर हातात टॉर्च. मी विचार केला ट्रॅक्टरचा जुना हेडलाईट घरी पडून आहे, त्यात ३५ वॉटचा बल्ब टाकू, झोपडीतल्या बॅटरीवरून वायर ओढू आणि मचानावर मस्त फोकस लावू. वायर पण घरात होती, गणपतीत स्पीकरला लावतो ती बारीक लाल-काळी जोडवायर, अख्खं बंडल. ओढली, जोडली, बटन दाबलं. बल्ब लागला पण असा लागला की विझत आलेल्या चुलीतला निखारा पाहावा. लालसर. पंधरा पावलांच्या पुढं काही दिसेना.

बाबा म्हणाले, "बॅटरी उतरली असन."

माझ्याकडे ते पिवळं स्वस्तातलं मल्टीमीटर आहे, जवळजवळ प्रत्येक वायरमनच्या पिशवीत असते तसं. बॅटरीवर लावलं तर १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी भरलेली. मग बल्बच खराब असेल म्हणून मचानावर जाऊन बल्ब काढला आणि होल्डरमध्ये मीटरच्या पिना टेकवल्या, तिथं पण १२.६! म्हणजे वायरमधून अख्खं व्होल्टेज येऊन राहिलं. दोष बल्बाचा असं समजून दुसऱ्या दिवशी नवा बल्ब आणला, लावला, पुन्हा तोच लाल निखारा.

इथं मी दोन दिवस अडकून होतो. इकडं १२.६, तिकडं १२.६, नवा बल्ब, आणि उजेड चार आण्याचा. आता उत्तर माहीत आहे म्हणून सोपं वाटते, पण त्या रात्री मचानावर बसून मला खरंच काही सुचत नव्हतं, आणि शाळेत आपण विजेचा धडा शिकलो होतो, व्ही बरोबर आय आर, म्हणजे व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रोध (तार करंटला जेवढं अडवते ते), पाठ केलं होतं, गणितं सोडवली होती, मार्क पण मिळाले होते, आणि तरी समोर एक बल्ब आणि दोन तारा असताना काही सांगता येत नाही याचं लय वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी सगळं उचलून घरी ओसरीवर आणलं. बॅटरी, हेडलाईट, वायर. वायर परत गुंडाळून बंडल केलेली होती म्हणून तिची चारही टोकं हाताशी होती, आणि हीच गोष्ट कामी आली. पुतणी नववीत आहे, ती वही घेऊन शेजारी बसली. बंडलच्या एका बाजूला बॅटरी जोडली, दुसऱ्या बाजूला बल्ब. लागला, तसाच लाल. आता बल्ब *चालू असताना* त्याच्यावर मीटर लावलं.

७.९ व्होल्ट.

बॅटरीवर पाहिलं, १२.४. मग साडेचार व्होल्ट कुठं गेले? पुतणी म्हणाली, "काका, वायरवर लावून पाहा ना." मी म्हटलं, अगं वायरवर कसं लावणार, लाल तर लाल, एकच तार आहे ती, तिच्यात काय फरक असणार. तरी लावलं. लाल वायरच्या बॅटरीकडच्या टोकाला एक पिन, त्याच लाल वायरच्या बल्बाकडच्या टोकाला दुसरी पिन. मीटरनं २.२ दाखवलं. काळ्या वायरचं पण तसंच केलं, २.३. पुतणीनं वहीत बेरीज मांडली: २.२ अधिक ७.९ अधिक २.३, बरोबर १२.४. एक पॉइंट पण हरवला नव्हता. सगळं व्होल्टेज तिथंच होतं, फक्त वाटलं गेलं होतं.

त्या बेरजेनं मला जेवढा आनंद झाला तेवढा शाळेतल्या कोणत्याच गणितानं झाला नव्हता हे अगदी मनापासून सांगतो.

तर आता मुद्दा. व्होल्टेजला आपल्या शाळेच्या पुस्तकात शब्द आहे विभवांतर. आम्ही तो "विभवांतर म्हणजे" करून घोकला पण त्याची फोड कधी केली नाही. विभव अधिक अंतर. अंतर! कोणी मला विचारलं की मोर्शीचं अंतर किती, तर मी पहिले विचारणार, कुठून? अमरावतीहून का वरुडहून का नागपूरहून? नुसतं मोर्शीचं अंतर असं काही नसते. तसंच एका तारेचं, एका टोकाचं व्होल्टेज असं काही नसतेच, ते नेहमी *या* जागेपासून *त्या* जागेपर्यंत असते. मीटरला दोन पिना उगाच नाहीत.

उंचीचं पण तसंच. चिखलदरा समुद्रापासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे, पण अमरावती स्वतःच सुमारे ३४० मीटरवर बसलेली आहे, म्हणून अमरावतीहून गाडी काढली तर चढ ७६० च्या आसपासच लागते. डोंगर तोच, कुठून मोजता त्याच्यावर आकडा. विजेत पण असंच, शून्य कुठं धरायचं ते आपण ठरवतो, बहुतेक वेळा बॅटरीचं मायनस किंवा अर्थिंग. "या तारेत किती व्होल्ट आहे" असं आपण बोलतो तेव्हा "जमिनीपासून" हा शब्द मनात गिळलेला असतो.

आणि हे अंतर कसलं? तर ऊर्जेचं. १ व्होल्ट म्हणजे १ कूलोम इतका विद्युतभार एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला की १ ज्यूल ऊर्जा तिथं खर्ची पडते. माझ्या बल्बात ७.९ होते म्हणजे दर कूलोममागं ७.९ ज्यूल बल्बाला मिळाले, उजेड आणि उष्णता झाली, आणि साडेचार ज्यूल त्या बारीक वायरला गरम करण्यात गेले. हात लावून पाहिलं, बंडल खरंच कोमट झालं होतं.

मग बल्ब काढल्यावर टोकाला पूर्ण १२.६ कसे काय दिसत होते? आमच्याकडे संत्र्याला ड्रिप आहे, मला ते ड्रिपवरून समजलं. मोटर चालू करून लॅटरलची (झाडांच्या ओळीतल्या बारीक पाइपांची) शेवटची तोंडं आणि ड्रीपर सगळं बंद ठेवलं, पाणी कुठंच वाहत नाही, तर पहिल्या झाडापाशी जेवढं प्रेशर तेवढंच शेवटच्या झाडापाशी. पाइप कितीही बारीक असो. जसं पाणी वाहायला लागलं तसं पाइप आपला हिस्सा मागायला लागते आणि शेवटच्या झाडाला थेंब थेंब येते. वाहणंच नाही तर घासणं नाही, घासणं नाही तर घट नाही. वायरचं तेच. बल्ब काढला की करंट शून्य, शून्याला वायरच्या कितीही रोधानं गुणा, शून्यच. म्हणून रिकाम्या होल्डरमध्ये मीटर लावून "सप्लाय बरोबर आहे" म्हणणं हे मोजणंच नाही, लोड, म्हणजे बल्ब असो का मोटर, चालू ठेवून मोजा. (पाण्याचं उदाहरण इथपर्यंतच चालते बरं का, पाइप तुटला तर पाणी सांडते, तार तुटली तर वीज सांडत नाही, ती थांबते.)

आता वाटणीचा हिशोब. अमरावतीला गेलो तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मूठभर रेझिस्टर आणि एक ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणली. रेझिस्टर म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा, दोन्हीकडं तारेची शेपटी, अंगावर रंगाच्या पट्ट्या. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ हजार ओहम (रोध ओहममध्ये मोजतात), लाल-लाल-लाल म्हणजे २,२०० ओहम. शेवटची सोनेरी पट्टी म्हणजे किंमत ५ टक्के इकडंतिकडं असू शकते.

पहिले एक हजारचे दोन, एकामागं एक जोडले, म्हणजे पुस्तकातली एकसर जोडणी. बॅटरी ९.२ होती. एकावर ४.५८ आले, दुसऱ्यावर ४.६२. निम्मे निम्मे. मग त्यातला एक काढून २,२०० चा लावला. आता हजारवाल्यावर २.८७ आणि बावीसशेवाल्यावर ६.३३. बेरीज पुन्हा ९.२.

हे सातबाऱ्यावरच्या आणेवारीसारखं आहे. एकूण हिस्से ३.२, त्यात एकाचा १ आणि दुसऱ्याचा २.२, त्या प्रमाणात ९.२ ची वाटणी. गणित एवढंच: आपला रोध भागिले सगळ्यांचा मिळून रोध, गुणिले एकूण व्होल्टेज. आणि असं का, तर एकसर जोडणीत रस्ता एकच आहे, त्यामुळं सगळ्यांतून करंट सारखाच जातो, रस्त्यात कुठं तो साचत नाही का कमी होत नाही. करंट सारखा असला की जिथं रोध जास्त तिथून तो ढकलायला जास्त ऊर्जा लागते, म्हणून तिथं जास्त व्होल्टेज. पुतणीच्या मनात होतं की पहिला रेझिस्टर करंट खाऊन टाकतो आणि उरलेला दुसऱ्याला मिळतो. माझ्या पण मनात इतकी वर्षं हेच होतं, आणि मला वाटते बहुतेकांच्या असते. आम्ही दोघांची जागा अदलाबदल करून पाहिली, पहिले बावीसशे मग हजार. आकडे तेच, ६.३३ आणि २.८७. आधी कोण बसला याला काहीच किंमत नाही. पहिला खाणारा असता तर आकडे बदलले असते.

पण मला खरी चटक लागली ती दुसऱ्या गोष्टीची. हजारवाल्याला आम्ही हात पण लावला नव्हता. तो तोच, जागा तीच, बॅटरी तीच. फक्त त्याचा जोडीदार बदलला आणि याचं व्होल्टेज ४.६ वरून २.८७ वर आलं. म्हणजे रेझिस्टरवर लिहिलेला रोध हा त्याचा स्वतःचा, पण व्होल्टेज त्याचं स्वतःचं नाही, ते सोबत कोण आहे त्याच्यावर ठरते. हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून ठेवलं कारण काही वर्षांपूर्वी गावात जे झालं होतं त्याचा उलगडा यातूनच झाला, ते सांगतोच.

त्याआधी एक मजेची गोष्ट, ज्यात आम्ही एक आख्खी संध्याकाळ घातली. पुतणी म्हणाली, आता मोठेवाले लावू. १० लाख ओहमचे दोन घेतले, तपकिरी-काळा-हिरवा, दोन्ही सारखे. उत्तर ठरलेलं, ४.६ आणि ४.६. मीटर लावलं तर एकावर ३.०७. दुसऱ्यावर पण ३.०७. बेरीज ६.१४! आणि बॅटरी तर ९.२ दाखवते. तीन व्होल्ट गायब. आतापर्यंत बेरीज कधी चुकली नव्हती. पुन्हा जोडलं, पिना घासल्या, रेझिस्टर बदलले, तेच.

उत्तर मीटरमध्ये होतं. हे स्वस्तातलं पिवळं मीटर व्होल्टेज मोजताना स्वतः १० लाख ओहमचा एक रेझिस्टर असल्यासारखं सर्किटला जोडलं जाते. मीटर एका रेझिस्टरला समांतर, म्हणजे बाजूनं दुसरा रस्ता काढल्यासारखं, लागलं की दहा लाखाला दहा लाख समांतर, दोघं मिळून पाच लाख. म्हणजे आता वाटणी ५ लाख आणि १० लाख अशी, पाचवाल्याला तिसरा हिस्सा, ९.२ चा तिसरा हिस्सा ३.०७. अगदी बरोबर! मीटर खोटं बोलत नव्हतं, त्या क्षणी तिथं खरंच ३.०७ होते, पण ते मीटर लावल्यामुळं होते. काढलं की परत ४.६. हजार ओहमवर हाच प्रकार होतो पण हजारापुढं दहा लाख समांतर म्हणजे ९९९ ओहम, फरक दिसतच नाही. महाग मीटर १ कोटी ओहमचं असते, ते कमी ढवळते, पण ढवळते ते पण. मोजणारा पण वाटणीत बसतो. हे कळलं त्या संध्याकाळी पुतणी इतकी खुश होती की तिनं आजीला, म्हणजे माझ्या आईला, बोलावून सांगितलं, आणि आईनं भाकरी टाकता टाकता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वजनकाट्यानंच पायलीतले दाणे खाल्ले म्हण की." मला याच्याहून चांगलं सांगता येणार नाही.

मध्ये मी थोडं वाचलं पण. व्होल्ट हे नाव इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टावरून, त्यानं १८०० साली तांबं किंवा चांदी, जस्त आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चकत्या यांची चळत रचून पहिली बॅटरी जगासमोर मांडली. आणि ओहम म्हणजे जर्मनीतला गेऑर्ग ओहम, हा शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा मास्तर होता. त्यानं काय केलं, तर वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा घेतल्या आणि लांबी वाढवली की करंट किती कमी होतो ते मोजत बसला. त्या काळच्या बॅटऱ्या जोडल्या की उतरायच्या, आकडा टिकायचा नाही, म्हणून त्यानं बॅटरीच सोडली आणि दोन धातूंचे सांधे वापरले, एक उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर, एक बर्फात, तापमानातल्या फरकातून मिळणारी ती बारीकशी वीज स्थिर राहायची. त्यावरून त्याचा नियम, १८२७ सालच्या पुस्तकात. दोनशे वर्षांपूर्वी एक मास्तर तारेची लांबी मोजत बसला होता आणि मी ओसरीवर तेच करून राहिलो होतो, फक्त मला मीटर आयतं मिळालं, हे वाचून फार जवळचं वाटलं.

आता गावातली गोष्ट. तीन-चार वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्या वादळात निंबाची मोठी फांदी लाईनवर पडली. थोड्या वेळानं काही घरांतले बल्ब मिणमिणते झाले आणि काही घरांतले असे भडकले की डोळे दिपावे. आमच्या गल्लीत तीन टीव्ही गेले, एक सेट टॉप बॉक्स, कुणाचं मोबाईल चार्जर फुटलं. सगळे म्हणाले, "वरून जास्त व्होल्टेज सोडलं." वरून कोणी काही सोडलं नव्हतं. फांदीनं न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची तार, तुटला होता.

घरात येते ती २३० व्होल्ट, एक फेज (वीज घेऊन येणारी तार) आणि न्यूट्रल यांच्यामधली. वेगवेगळी घरं वेगवेगळ्या फेजवर असतात, न्यूट्रल सगळ्यांचा सामाईक. दोन फेजच्या मध्ये मोजलं तर ४०० व्होल्ट. न्यूट्रल तुटला की करंटला परत जायचा रस्ता राहत नाही, मग तो एका घरातून निघून दुसऱ्या फेजवरच्या घरातून जातो, म्हणजे दोन घरं एकसर जोडणीत आली आणि दोघांत ४०० व्होल्टची वाटणी सुरू. एका घरी समजा १,००० वॉटची इस्त्री चालू आहे, तिचा रोध साधारण ५३ ओहम. दुसऱ्या घरी १०० वॉटचा टीव्ही, तो ढोबळमानानं ५२९ ओहम धरू. आता आणेवारी लावा: इस्त्रीवाल्याला ३६ व्होल्ट, टीव्हीवाल्याला ३६४. खरं तर तिन्ही फेजची सगळी घरं त्यात गुंतलेली असतात पण दोन घरांवर हिशोब समजून जाते. ज्याच्या घरी लोड जास्त त्याच्याकडं अंधार, आणि ज्याच्या घरी एक टीव्ही आणि एक बल्ब त्याच्यावर सगळं व्होल्टेज येऊन बसलं. आमच्या गल्लीत ज्यांचं नुकसान झालं ती सगळी लहान लोडवाली घरं होती, गरिबाघरची. शेजाऱ्यानं इस्त्री लावली म्हणून आपला टीव्ही जळाला, असं त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर मारामारी झाली असती. पण ओसरीवरच्या त्या हजारवाल्या रेझिस्टरला आठवा, त्याला हात न लावता त्याचं व्होल्टेज बदललं होतं.

म्हणून कधी काही बल्ब मंद आणि काही भगभगीत असं एकाच वेळी दिसलं तर पहिले मेन स्विच पाडा, विचार नंतर करा.

टेस्टरचं पण याच्यातच सांगून टाकतो. स्क्रू ड्रायव्हरसारखा टेस्टर आपण फेजला टेकवतो आणि मागं बोट ठेवतो, करंट खरंच आपल्या अंगातून जातो, तरी झटका नाही. कारण आत निऑनच्या बारीक दिव्यासोबत लाखो ओहमचा रेझिस्टर एकसर बसवलेला असतो आणि आपलं अंग फार तर दोन-चार हजार ओहमचं. वाटणीत व्होल्टेजचा मोठा हिस्सा तो रेझिस्टर आणि दिवा घेतात, आपल्या वाट्याला किरकोळ येते. तो एवढासा तुकडा आपल्या जिवासाठी सगळं अंगावर घेतो. म्हणून तुटका, भिजलेला, उघडलेला टेस्टर वापरू नये, बाप्पा, खरंच नको.

आणि टेस्टर प्लगच्या *दोन्ही* भोकांत लागते पण बल्ब लागत नाही, हे तर सगळ्यांनी पाहिलं असेल. आमचे गावातले वायरमन काका पाहताक्षणी सांगतात, "न्यूट्रल उडाला." मला आता कळलं ते कसं ओळखतात. इथं एकट्या आपल्याच घराचा न्यूट्रल तुटला, करंट बंद, म्हणून घरातल्या बल्बावर शून्य घट, म्हणून बल्बाच्या पलीकडची तार पण फेजच्याच पातळीला. दोन्हीकडं उंची सारखी म्हणून मधात अंतर नाही, अंतर नाही म्हणून बल्ब लागत नाही. रिकाम्या होल्डरमध्ये १२.६ दिसले होते, तीच गोष्ट.

विहिरीवरच्या मोटरबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे कारण पैसे तिथं जातात. ५ एचपीची थ्री फेज मोटर साधारण साडेसात ॲम्पिअर घेते. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जर ४०० मीटर लांब असेल आणि वायर ४ स्क्वेअर एमएम जाडीची ॲल्युमिनियमची असेल तर एका तारेचा रोध ३ ओहमच्या आसपास, आणि थ्री फेजच्या हिशोबानं (रोध गुणिले करंट गुणिले १.७३) ४० व्होल्टच्या जवळ घट नुसत्या वायरमध्ये. डीपीवर ४१० असेल तर मोटरला ३७० मिळाले. हीच वायर १० स्क्वेअरची असती तर घट १६ वर आली असती. शिवाय सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते, त्या वेळी वायर आपला हिस्सा तितक्याच जोरानं वाढवते, मोटर नुसती गुणगुणते, उचलत नाही. आणि कमी व्होल्टेजवर चाललेली मोटर तेवढंच पाणी उपसायला जास्त करंट घेते, कॉइल तापते, जळते, मग रिवायंडिंग, म्हणजे कॉइल नव्यानं भरणं. वायरवर वाचवलेले पैसे दोन हंगामांत रिवायंडिंगवाल्याकडं जातात हे आमच्या शिवारात मी स्वतः पाहिलं आहे.

चंद्रपूर, कोराडीची वीज ४००, ७६५ हजार व्होल्टच्या लाईनींवरून आपल्या वावरांवरून जाते ती पण याचसाठी. तीच पॉवर दुप्पट व्होल्टेजनं पाठवली की करंट निम्मा, वायरवरची घट निम्मी, आणि वाया जाणारी ऊर्जा चौथा हिस्सा. आणि एक-दोन शेतकऱ्यांमागं छोटी डीपी देतात, ११ हजारची लाईन थेट वावरापाशी आणून तिथं ४३३ करतात, त्याच्या मागं पण हाच विचार आहे, की कमी व्होल्टेजची तार जितकी आखूड तितकं बरं.

मचानाचं काय झालं ते राहिलंच. बारीक वायर काढली, अडीच स्क्वेअरची तांब्याची टाकली. बल्ब चालू ठेवून मोजलं, बल्बावर ११.३, वायरींवर ०.५ आणि ०.६. उजेड नाल्याच्या पलीकडच्या बोरीपर्यंत. डुकरं दोन रात्री आली नाहीत, तिसऱ्या रात्री दुसऱ्या बाजूनं आली, ते वेगळं.

मग चैत्रात नांगरटीच्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर सुरू होईना. सेल्फ मारला की कट् कट् आणि हेडलाईट मावळते. बाबा म्हणाले, "बॅटरी गेली, नवी आणा लागते." मीटर लावलं, १२.५. पुतणी दातात ब्रश धरून अंगणात उभी होती, ती म्हणाली, "काका, सेल्फ मारताना मोजा, आणि बॅटरीवर नको, टर्मिनलवर मोजा." म्हणजे तिला काय म्हणायचं होतं, की एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीला आवळलेल्या क्लॅम्पवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, मधात सुई जायला जागा नाही, तिथं काय मोजायचं. तिनं ब्रश ठेवला आणि स्वतः पिना धरल्या. बाबांनी सेल्फ मारला.

"काका, ३.४!"

क्लॅम्पखाली पांढरी-हिरवी बुरशी धरलेली होती. आधी मायनसचा मग प्लसचा क्लॅम्प काढला, खायचा सोडा टाकून कोमट पाण्यानं धुतलं, पॉलिश पेपरनं खुंटी चमकेपर्यंत घासली, आवळलं, वरून ग्रीस लावलं. पुन्हा तिनं पिना धरल्या, पुन्हा सेल्फ. ०.१ दिसले की नाही तोवर इंजिन धडधडायला लागलं, आणि बाबा तसेच बसून वावराकडं निघाले, पुतणी मीटर हातात घेऊन फाटकापर्यंत मागं मागं गेली.